तंबाखूच्या भावकीतलं झाड

सरांकडे नोकरी मागायला मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनी माझी प्रमाणपत्रं बघितली नाहीत, माझे हात हुंगले.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेल-चादरींच्या कारखान्यांच्या रांगेत, त्यांची एक पत्र्याची शेड होती. दोन्ही अंगांना यंत्रमागांचा असा खडखडाट की मी दार वाजवतेय हे माझं मलाच ऐकू येईना. शेवटी दार उघडून एक उंच, वाळका माणूस बाहेर आला. पायात दोन वेगळ्या रंगांच्या रबरी चपला, आणि डोक्यावरचे केस बोकडानं चरून टाकल्यासारखे. त्यांनी नाव विचारलं नाही. "हात," म्हणाले. मी हात पुढे केले. त्यांनी डोळे मिटले, वाकले आणि माझी बोटं एकेक करून हुंगली.

"शेंगाचटणी. दही. कोंबडीची पिसं. तंबाखू नाही," ते म्हणाले. "वडील?"

"शाळेत मास्तर आहेत."

"ते नाही विचारलं. खातात का?"

"नाही."

"मग त्या पातेल्यात हात बुडवा आणि आत या."

पातेल्यात दूध होतं. मी जनावरांची डॉक्टर, शेणात कोपरापर्यंत हात घातलेली, पण दुधानं हात धुवायची पाळी माझ्यावर कधी आली नव्हती. हा माणूस वेडा आहे असं मला वाटलं, आणि पुढची दोन वर्षं माझं हे मत रोज थोडं बदलायचं आणि संध्याकाळी पुन्हा जागेवर यायचं.

सर वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, सरांनी ही शेड भाड्यानं घेतली आणि तिच्यात एक झाड सांभाळायला लागले. तंबाखूच्या भावकीतलं झाड, पण दिसायला अगदी गरीब. मऊ पानं, बारीक खोड, जोरात फुंकर मारली तरी मान टाकेल असं. ह्या झाडाच्या पानांत त्यांना कोंबड्यांची लस पिकवायची होती. कोंबड्यांना मानमोडी होते. कोंबडी मान पिरगाळते, जागच्या जागी गोल फिरते आणि मरते, आणि एक मेली की चार दिवसांत सगळं खुराडं रिकामं होतं. रोग विषाणूचा, त्यामुळे झाल्यावर औषध नाही, आधी दिली तर लस. नेहमीची लस चांगली आहे, पण ती बर्फातून बाहेर काढली की सोलापूरच्या उन्हात तिचं नुसतं पाणी होतं. वस्तीवरच्या चार कोंबड्यांसाठी बर्फ घेऊन कोण जातो? सरांना वाटायचं, पानातली लस ऊन सोसेल.

"झाड आपला शिंपी आहे," ते सांगायचे. "आपण त्याला मानमोडीच्या विषाणूचा फक्त कोट शिवायला लावतो. कोटात माणूस नाही, त्यामुळे रोग नाही. कोंबडीच्या रक्तानं तो कोट एकदा बघून ठेवला, की उद्या खरा कोटवाला दारात आल्यावर रक्त त्याची गचांडी धरतं."

"पण हेच झाड का सर?"

"कारण ह्याला नाही म्हणता येत नाही. जो विषाणू आला त्याला आत घेतं. म्हणून तर आपण सांगितलेलं काम ते करतं. आणि म्हणूनच त्याच्या दारात एक खडूस माणूस लागतो."

खडूसपणात त्यांनी कसूर केली नाही. खायच्या तंबाखूत झाडांचा एक विषाणू वाळून बसलेला असू शकतो आणि तो वर्षानुवर्षं मरत नाही. तंबाखू मळलेलं बोट ह्या झाडाला लागलं की संपलं. दुधात बोटं बुडवली की तो बराचसा निकामी होतो, म्हणून ते पातेलं. एमआयडीसीतल्या कामगारांनी त्याला 'सरांचा अभिषेक' असं नाव ठेवलं होतं आणि आत कुठलं तरी जागृत दैवत आहे अशी काहींची खरीच समजूत होती. एकदा कुणीतरी दाराशी नारळ ठेवून गेलं. सरांनी तो नारळही हुंगला.

केसांचं कोडं मला महिन्याभरानं उलगडलं. त्यांचा न्हावी तंबाखूचा मावा खायचा, म्हणून सर स्वतःच आरशात बघून केस कापायचे. सात रस्त्याच्या चौकात गेले की पानाची टपरी दिसल्यावर रस्ता ओलांडायचे, पलीकडे दुसरी टपरी दिसली की परत अलीकडे यायचे, आणि ट्रॅफिक पोलीस त्यांच्याकडे बघत राहायचा. एकदा एक मोठे पुढारी शेड बघायला आले. बरोबर दहा-बारा माणसं, हार, फोटोवाला. पुढाऱ्यांच्या गालात माव्याचा तोबरा. सरांनी त्यांना दारातच थांबवलं आणि म्हणाले, "आपल्याला आत घेता येणार नाही. आपल्यापेक्षा झाड नाजूक आहे." त्यानंतर मिळायची होती ती मदत मिळाली नाही. सर दिवसभर खुशीत होते. मला मात्र त्या दिवशी त्यांचा संताप आला होता, कारण पगार माझाही थकत होता.

सगळ्यात जास्त जाच झाला तो पद्माबाईंना. शेड झाडणं, कुंड्या भरणं, पाणी घालणं हे काम त्यांच्याकडे. त्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या, आणि सासू घरी बसून विड्या वळणारी. म्हणजे घरात तंबाखूच्या सुपाशेजारीच भाकरीची परात. सरांनी त्यांना कामावर घेतलं, पण शेडमागे पत्र्याचा आडोसा करून दिला. रोज आल्यावर तिथं आंघोळ करायची, शेडमधलीच साडी नेसायची, मग पातेलं, मग हुंगणं. पद्माबाई सगळं करायच्या. फक्त हात पुढे करताना मान दुसरीकडे वळवायच्या. ते मला बघवायचं नाही.

आणि हाच माणूस रोज सकाळी आत गेला की रांगेतल्या प्रत्येक झाडाच्या एका पानाला बोट लावायचा. नुसतं टेकवायचा, आणि पुढच्या झाडाकडे जायचा. मी विचारलं तर म्हणाले, "चौकशी करतोय." चौकशी करताना चष्मा नाकावरनं घसरायचा, तो वर ढकलायचा, आणि पुढचं पान. पद्माबाई म्हणायच्या, सरांनी पोरांच्या डोक्यावरनं हात फिरवला नसेल एवढा पानांवरनं फिरवलाय.

मग आक्का आली आमच्या आयुष्यात.

परवानग्या मिळाल्या होत्या, थोडी लस तयार झाली होती, आणि ती खऱ्याखुऱ्या गावरान कोंबड्यांना टोचून बघायची वेळ आली होती. मंगळवेढ्याच्या बाजूला माळावर आक्काची वस्ती होती. धनगराचं घर. मेंढरं मुलगा घेऊन जायचा, कोंबड्या आक्काच्या. अंडी, पिल्लं, जत्रेला कोंबडे, सगळा तिचा कारभार. मागं एकदा मानमोडीनं तिचं खुराडं धुऊन नेलं होतं आणि त्यानंतर तिनं एका तलंगेपासून, नुकत्या अंड्यावर आलेल्या कोंबडीपासून, सगळं पुन्हा उभं केलं होतं. आम्ही सुया घेऊन गेलो तेव्हा ती अंगणात कोंबड्या झाकायच्या डालग्याला टेकून बसली होती. उठली नाही.

सरांनी खरं ते सांगितलं. लपवाछपवी त्यांना जमायचीच नाही. निम्म्या कोंबड्यांना लस टोचणार, निम्म्यांना नुसतं पाणी. ओळखायला प्रत्येकीच्या पायात कडी घालणार. काही आठवड्यांनी दुसरी सुई. तोपर्यंत दुसरी कुठली लस द्यायची नाही, नाहीतर कशानं काय झालं ते कळणार नाही.

आक्कानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन् मधीच साथ आली तर? पाणीवाल्या कोंबड्या मरू द्यायच्या व्हय मी?"

मी काहीतरी नियमाचं बोलायला लागले. सरांनी मला हातानं थांबवलं.

"साथ आली तर मी येईन," ते म्हणाले.

"येऊन काय बघत बसनार?"

"नाही. बर्फातली लस घेऊन येईन. सगळ्यांना देईन."

"म्हंजी तुमचं काम मोडनार की."

"मोडेल."

आक्कानं त्यांच्याकडे निरखून बघितलं. मग कमरेची चंची सोडली. तंबाखू काढली, चुना लावला, अंगठ्यानं सावकाश मळली, झाडली, आणि तळहात सरांच्या पुढं धरला. त्या भागात बोलणं पक्कं झालं की एकाच तळहातातली तंबाखू दोघं खातात. नंतर कुणी शब्द फिरवत नाही. आणि पुढं आलेला तळहात नाकारणं म्हणजे तोंडावर थुंकणं.

मी सरांच्या तोंडाकडे बघत होते. पुढाऱ्याला दारातून परत पाठवणारा माणूस. कपाळाला घाम फुटला होता, चष्मा घसरून नाकाच्या शेंड्यावर आला होता. मला वाटलं, आता काहीतरी तिरकं बोलणार आणि सगळं फिसकटणार. सरांनी चिमूट उचलली आणि ओठात धरली. मग चष्मा वर ढकलला. लगेच ठसका लागला, डोळ्यांतून घळाघळा पाणी. आक्का पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, "घ्या, धरा कोंबड्या."

दुपारपर्यंत मी सगळ्या कोंबड्या टोचल्या. परत येताना सरांनी वाटेत तीनदा गाडी थांबवून चुळा भरल्या. घरी कपडे उकळत्या पाण्यात टाकले. दुसऱ्या दिवशी शेडच्या दारात पातेल्यात नवीन दूध ओतलं आणि कोपरापर्यंत हात घालून कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मी थट्टा केली की सर, आता आत उडीच मारा. ते हसले नाहीत.

दुसऱ्या सुईसाठीची झाडं शेडमध्ये तयार होत होती. नीट वाढ, टवटवीत पानं. मग एका सकाळी पद्माबाईंनी मला हाक मारली. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या एका झाडाचं कोवळं पान चुरगळलं होतं, हिरव्यात फिकट डाग. मी म्हटलं, पाणी कमी झालं असेल. सर आले, त्यांनी पान बघितलं, आणि त्यांचा चेहराच उतरला. दुपारी आणखी झाडं तशी दिसली. दुसऱ्या दिवशी पहिलं झाड शेंड्यापासून कोलमडलं.

आणि त्याच दिवशी आक्काचा फोन आला.

"डाक्टरीणबाई, वड्यापल्याडच्या वस्तीवर कोंबड्या माना टाकाय लागल्यात. बाजारातनं कोंबडा आनला हुता त्यांनी. दुसरी सुई कवा आनताय?"

मी फोन हातानं झाकून सरांकडे बघितलं. फोनचा आवाज मोठा होता, त्यांना ऐकू गेलं होतं. मी आक्काला सांगितलं, कोंबड्या डालग्याखालीच ठेव, कुणाला अंगणात येऊ देऊ नको, पलीकडच्या वस्तीवर तू जाऊ नको. एवढं सांगितलं आणि ठेवला.

मग सरांचा तोल गेला. "पद्माबाई," ते ओरडले, "हात!"

पद्माबाई आल्या. सरांनी हुंगले. पुन्हा हुंगले. "घरातून काय आणलंत? पदराला? केसांत?"

"आंगोळ केली की सर मी. साडी पन हितलीच हाय."

"मग हे आलं कुठून? तुमच्याच घरात तंबाखू आहे ना? सुपं भरून आहे ना?"

पद्माबाईंनी ह्या वेळी मान वळवली नाही. सरळ त्यांच्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी मध्ये पडले, सरांना काय वाटेल ते बोलले, एवढी वर्षं ज्या बाईनं तुमच्यासाठी पत्र्याआड आंघोळ केली तिला तुम्ही असं विचारता म्हणून. सर म्हणाले, "दोघी बाहेर जा."

आम्ही दोघी दाराबाहेर पातेल्याशेजारी बसलो. शेजारचे माग खडखडत होते. पद्माबाई सारख्या म्हणत होत्या, "कामावरनं काढतील. नाव पन घेतील माजं." मी त्यांचा हात धरून ठेवला होता. आत सर एकेक टेबलापाशी थांबत होते, ते जाळीतून दिसत होतं. कुठलं झाड आधी आजारी पडलं, कुठलं नंतर, ते बघत होते. पद्माबाई पाणी घालायला सुरुवात करायच्या त्या बाजूची झाडं अजून चांगली होती. आजारी झाडांची वाट कोपऱ्यातल्या टेबलापासून निघाली होती, आणि त्या टेबलाशी फक्त एकच माणूस बसायचा. तिथून ती ओळीनं, सरांच्या रोजच्या चौकशीच्या क्रमानं, पुढे गेली होती.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सरांच्या हातात चष्मा होता. चष्म्याशिवाय ते कुणीतरी दुसरेच दिसत होते.

"हात मी धुतले," ते म्हणाले. "हा धुतला नाही."

चष्म्याची नाकावर टेकते ती चिमटी त्यांनी मला दाखवली. फटीत तपकिरी कण चिकटलेला होता. आक्काच्या तळहातातली चिमूट उचलून त्याच बोटांनी त्यांनी चष्मा वर ढकलला होता. आणि मग रोज सकाळी, दुधानं धुतलेल्या बोटानं चष्मा ढकलायचा, पानाला लावायचं, चष्मा ढकलायचा, पानाला लावायचं.

सर पद्माबाईंसमोर उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, "मी आणला रोग. तुम्ही नाही. मला माफ करा." पद्माबाई घाबरून उठल्या. त्यांना काय करावं कळेना, शेवटी त्यांनी सरांसाठी प्यायचं पाणी आणलं. मला त्या माणसाची दया आली आणि त्याच वेळी एक थोबाडीत मारावीशीही वाटली. दोन्ही खरं आहे.

झाडं उपटून जाळावी लागली. एकही ठेवून चालणार नव्हतं. नवीन बी पेरून पुन्हा पानं यायला कितीतरी आठवडे गेले असते, आणि मानमोडी ओढ्यापलीकडे येऊन थांबली होती.

सरांनी पैसे देणाऱ्या संस्थेच्या साहेबांना फोन केला. माणूस वाईट नव्हता. पहिल्यांदा हळहळला, मग थोडा विचार करून म्हणाला, "सर, एका अर्थी हे बरंच झालं. पहिला डोस गेलाय ना? आता खरी साथ येतेय. काही करू नका. आपोआप कळेल. पाणीवाल्या मेल्या आणि लसवाल्या निम्म्या जरी वाचल्या तरी पुढची मदत मी मिळवून देतो. सरकारी लस दिलीत तर मग कोण कशानं वाचलं ते कधीच कळणार नाही, आणि मला फाईल बंद करावी लागेल."

सरांनी फोन ठेवला. मी खरं सांगते, त्या क्षणी मला साहेबांचं पटलं होतं. मरणाऱ्या कोंबड्या मी पुष्कळ बघितल्या होत्या. सरांची ती सगळी वर्षं, ते आरशात बघून कापलेले केस, ते दूध, सगळं कोंबड्यांच्या एका अंगणात ठरणार होतं आणि आम्हाला फक्त थांबायचं होतं. मी म्हटलं, "सर, दोन दिवस बघायचं का?"

सर कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत होते. त्यांना थांबायचं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. माझ्यापेक्षा जास्त थांबायचं होतं.

"मी तिची तंबाखू खाल्लीय," ते म्हणाले. "बर्फ आणा."

पशुवैद्यकीय दवाखान्यातून लस घेतली, बर्फाच्या थर्मासमध्ये ठेवली आणि निघालो. गाडीत ते थर्मास मांडीवर घेऊन बसले होते. मंगळवेढ्याच्या अलीकडे एवढंच म्हणाले, "झाडं कशानं गेली ते आक्काला सांगायचं नाही. तिच्यापुढे तंबाखूचं नाव काढायचं नाही."

आक्का बांधावर वाट बघत उभी होती. "आलासा व्हय," एवढंच म्हणाली. तिनं एकेक कोंबडी धरली, मी तिच्या डोळ्यात बर्फातल्या लसीचा थेंब टाकला. लसवाली, पाणीवाली, काही बघितलं नाही. सर प्रत्येकीच्या पायातली कडी कापून काढत होते. त्या कड्या काढल्या की कोण कुठली ते कायमचं पुसलं जाणार होतं, आणि ते त्यांनी स्वतःच्या हातानं केलं. एका कोंबडीला कडी कापताना त्यांचा हात थांबला. मला वाटलं, आता म्हणतील एवढ्या दोन-चार तरी राहू द्या. पण त्यांनी कात्री दाबली.

पण थेंब डोळ्यात पडला की लगेच संरक्षण मिळतं असं नाही. काही दिवस जावे लागतात आणि त्या दिवसांत रोग आला की सगळं फुकट. मी परत आले. सर तिथंच राहिले. आक्काच्या बांधावर एक खाट टाकून दिवसभर बसायचे आणि अंगणाकडे येणाऱ्या प्रत्येकाला लांबून परत पाठवायचे. आक्काच्या सख्ख्या दिराला परत पाठवलं. पाहुण्यांनी आणलेला कोंबडा बांधावरूनच माघारी लावला. वस्तीवरची माणसं तंडायला लागली की शेरडं-मेंढरं राखणाऱ्यांना ह्या शहरी म्हाताऱ्यानं रस्ता शिकवायचा काय? आक्का मला फोन करून सांगायची, "लई भांडतो ओ तुमचा मास्तर. पन भांडू दे." मागून कोंबड्यांचा आवाज यायचा आणि मी तो कान देऊन ऐकायचे. ओढ्यापलीकडच्या वस्तीवरची खुराडी तोवर रिकामी झाली होती. मेलेल्या कोंबड्या खड्ड्यात पुरायचं काम चालू होतं.

एका सकाळी आक्काचा फोन आला. "एकीनं मान टाकलीया," ती म्हणाली. सरांनी ती कोंबडी उचलून लांब नेली, पुरली, अंगणात चुना टाकला. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशीही बाकीच्या दाणे टिपत होत्या. चौथ्याही. एक गेली, बाकी खुराडं वाचलं.

कशानं वाचलं? पानातल्या लसीनं, बर्फातल्या लसीनं, की खाटेवर बसून भांडणाऱ्या म्हाताऱ्यानं? कुणालाच सांगता येणार नाही. साहेबांनी म्हटल्याप्रमाणे फाईल बंद केली. त्यांचा आवाज फोनवर खरंच जड झाला होता. शेड रिकामी करून द्यायची होती. दिवे उतरवले, टेबलं विकली. पद्माबाईंना सरांनी शेजारच्या टॉवेलच्या कारखान्यात काम लावून दिलं आणि मालकाला जाऊन सांगितलं की एवढी स्वच्छ बाई सोलापुरात दुसरी मिळणार नाही.

शेवटच्या आठवड्यात आक्का आली. न सांगता. एसटीनं मंगळवेढ्याहून सोलापूर, तिथून विचारत विचारत एमआयडीसी. काखेत पिशवी, पिशवीतून कोंबडीचं डोकं बाहेर. सर जन्माचे शाकाहारी. तिला त्याचं काही नव्हतं. "पाळा न्हायतर खावा," म्हणाली, "माजं दिऊन झालं." मग पदरानं तोंड पुसून इकडंतिकडं बघितलं. "ती औषधाची झाडं कुटं हायती? बगायची हुती मला."

आम्ही तिला आत नेलं. रिकामी शेड, जमिनीवर कुंड्यांचे गोल डाग.

"गेली," सर म्हणाले.

"कशानं?"

तिच्या कमरेला चंची होती. सर तिच्याकडे बघत नव्हते.

"साथ आली," ते म्हणाले. "झाडांची."

"समदी गेली?"

"सगळी."

आक्का त्या डागांकडे बघत उभी राहिली. पिशवीत कोंबडी कुरकुरली, तिला तिनं थोपटलं.

"आन् तुमच्याकडं कुनी आलं न्हाय व्हय?" तिनं विचारलं. "बर्फ घिऊन?"

सरांनी मान हलवली. नाही.

"आमच्याकडं तर कळवायचं की," आक्का म्हणाली. तिनं पिशवी बाजूला ठेवली, पदर डोक्यावरून पुढं घेतला आणि माणूस गेलेल्या घरी बायका बसायला जातात तशी त्या फरशीवर भिंतीला टेकून खाली बसली. "बसते थोडा येळ."

सर तिच्याशेजारी खाली बसले आणि रडायला लागले.